लघुव्यवसायांचे विपणन

कमी भांडवलावर, मोजक्या माणसांनिशी आणि बहुधा मालकाच्या देखरेखीखाली चालणाऱ्या व्यवसायाने गिऱ्हाईक मिळवण्यासाठी व टिकवण्यासाठी केलेली खटपट. भारतात १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढाल ही ‘लघु’ उद्योगाची मर्यादा आहे. या नोंदीचा रोख मुख्यतः पहिल्या गटाकडे, म्हणजे शिकवणीवर्ग, खानावळी, ब्यूटी पार्लर, फर्निचरची कामे घेणारे, घरगुती फराळ करणारे आणि स्वतःचा सल्ला विकणारे यांच्याकडे आहे.

या धंद्यांची गरज मोठ्या कंपन्यांहून मुळातच वेगळी असते. साबणाच्या कंपनीला लाखो घरांत नाव पोचवायचे असते. मॉड्युलर किचन करून देणाऱ्याला महिन्याला तीन-चार कामे मिळाली तरी त्याचे कारागीर अपुरे पडतात. त्याला गावभर गाजण्याची गरज नसते. नव्या फ्लॅटचा ताबा मिळालेली माणसे नेमकी कुठे आहेत हे कळावे लागते आणि त्यांच्या मनातली धास्ती घालवावी लागते. अॅडव्हान्स घेऊन हा गायब तर होणार नाही ना, दिलेल्या कोटेशनवर राहील का, नंतर बिजागरी निखळली तर फोन उचलेल का, असे प्रश्न गिऱ्हाईक तोंडाने क्वचितच विचारते. ‘कळवतो’ म्हणून जाते आणि कळवत नाही. छोट्या धंद्याच्या बहुतेक जाहिराती या प्रश्नांना हातच घालत नाहीत. ‘उत्तम सेवा, वाजवी दर’ हे शब्द प्रत्येकाच्याच पत्रकावर असल्याने त्यांनी कोणाचीच शंका फिटत नाही.

गिऱ्हाइकाची भीती ओळखून विक्रीची आखणी करण्याचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण किर्लोस्करांच्या नांगराचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) आणि त्यांचे बंधू यांच्या धंद्याची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानाने झाली. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बाजारात आणला. मालात खोट नव्हती, तरी तो खपेना. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. विक्रीचा जम बसायला दोन वर्षे गेल्याचे सांगितले जाते. हा काळ नवा धंदा करणाऱ्याने नीट पाहण्यासारखा आहे. नांगराची किंमत उतरवून हा प्रश्न सुटणारा नव्हता, कारण अडसर किमतीचा नव्हताच. जमीन नासेल अशी भीती असलेल्याला नांगर फुकट दिला तरी तो शिवारात घालणार नाही. अशा वेळी एका शेतकऱ्याच्या रानात उभे राहिलेले पीक शेजाऱ्याला दिसावे लागते. आजही सौर पंप, सेंद्रिय खत किंवा नवे बियाणे विकणाऱ्यांना ‘पीक पाहणी’चा कार्यक्रम घ्यावा लागतो, तो याच कारणाने.

किर्लोस्करांचे दुसरे पाऊल अधिक दूरदृष्टीचे होते. औंध संस्थानात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तेथील विक्री आणि जाहिरातीचे काम पाहणारे शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणे हा तिचा मूळ हेतू. त्यात वाचनीय मजकूर वाढत गेला, तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि पुढे ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) ही भावंडे निघाली. हे यश सर्वांना साधणारे नाही. मात्र आज नांगर नको असलेल्या माणसाशीही संबंध राखावा, म्हणजे पुढच्या हंगामात त्याला आपलेच नाव आठवते, हा त्यामागचा विचार कोणत्याही धंद्याला लागू पडतो. रोपवाटिकेने पावसाळ्यापूर्वी पाठवलेली लागवडीची सूचना किंवा कर सल्लागाराने जूनमध्ये दिलेली विवरणपत्राची आठवण हे ‘खबर’चेच धाकटे अवतार म्हणता येतील. अट एकच की मजकूर वाचणाऱ्याच्या उपयोगाचा हवा. सणासुदीला देवांची चित्रे आणि खाली दुकानाचा फोन नंबर, असे रोज पाठवणाऱ्यांना लोक दोन दिवसांत म्यूट करतात.

दारोदार विक्रीलाही इतिहास आहे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत विको कंपनी सुरू केली, तेव्हा दंतमंजन घरोघर जाऊन विकले गेले. दूरदर्शनवरच्या तिच्या जाहिराती पुष्कळ नंतरच्या. ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेचे प्रायोजकत्व १९८४ चे. जाहिरातीवर पैसा ओतण्याआधी गिऱ्हाइकाचे तोंडावरचे नकार ऐकण्याचा हा टप्पा बरेच नवे व्यावसायिक गाळू पाहतात, आणि तिथेच फसतात.

छोट्या सेवाव्यवसायात सर्वाधिक कामे जुन्या गिऱ्हाइकाच्या शिफारशीतून येतात, असा व्यावसायिकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. तरी बहुतेक जण ती नशिबावर सोडतात. काम नुकतेच पुरे झाले आहे आणि गिऱ्हाईक खूश आहे, त्या घडीला ‘तुमच्या सोसायटीत आणखी कोणाचे काम निघाले तर सांगा’ असे म्हणायला संकोच वाटतो. मराठी माणसाला तर जास्तच, असे गमतीने म्हणतात. शिफारशीचे हे देणेघेणे संघटितपणे चालवणाऱ्या संस्थाही आहेत. अमेरिकेत आयव्हन मिस्नर यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या बीएनआयच्या प्रत्येक शाखेत एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात, म्हणजे आपसांत स्पर्धा राहत नाही. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी २००० मध्ये सॅटर्डे क्लब स्थापन केला. घरगुती उत्पादकांसाठी महिला बचत गटांची प्रदर्शने, मुंबईतील महालक्ष्मी सरस आणि पुण्याची भीमथडी जत्रा ही मोठी दारे आहेत. पण तिथे विक्रीचा गल्ला मोजून समाधान मानणाऱ्याचा अर्धा फायदा बुडतो. पापड घेतलेल्या बाईंचा नंबर वहीत नसेल, तर पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनापर्यंत त्या पुन्हा भेटत नाहीत.

काही पेशांना जाहिरातीची मुभाच नाही. वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांतील नियम ३६ आड येतो. २००८ मधील दुरुस्तीने त्यांना संकेतस्थळावर ठरावीक माहिती देता येऊ लागली. सनदी लेखापालांवर १९४९ च्या कायद्याखाली निर्बंध आहेत. डॉक्टरांसाठी २००२ च्या नियमावलीत दवाखाना सुरू करणे, पत्ता बदलणे, रजेवर जाणे व परतणे अशा मोजक्या प्रसंगी औपचारिक निवेदनाची सवलत आहे. वर्तमानपत्रांतल्या त्या चौकटींचे मूळ इथे आहे. तरीही या पेशांतली माणसे वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांनी वेढलेली दिसतात. जाहिरातीविना नुसत्या लौकिकावर किती मजल मारता येते याचा हा आपसूक झालेला प्रयोगच आहे.

खर्चाचा हिशेब हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग. समजा, एका शिकवणीवर्गाने वर्तमानपत्रात घालून ५,००० पत्रके वाटली आणि छपाई-वाटपाला ६,००० रुपये लागले. ३० पालकांचे फोन आले, त्यांतले ६ विद्यार्थी झाले. म्हणजे एका विद्यार्थ्यामागे १,००० रुपये. फी वर्षाला १५,००० असेल आणि मूल दोन वर्षे टिकत असेल, तर हा खर्च किरकोळ आहे. तोच हिशेब ४० रुपयांच्या थाळीला लावला तर खानावळ बुडेल, मात्र महिन्याच्या मेंबराला लावला तर पुन्हा जमेल. हे कळण्यासाठी ‘आमचे नाव कुठून कळले?’ एवढाच प्रश्न प्रत्येक फोनला विचारून लिहून ठेवावा लागतो. अमेरिकी जाहिराततज्ज्ञ क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ च्या ‘सायंटिफिक अॅडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात कूपनांच्या साहाय्याने जाहिरातींची तुलना करण्याचा आग्रह धरला होता. दोन भागांतल्या पत्रकांवर वेगवेगळे फोन नंबर छापणे ही त्याचीच घरगुती आवृत्ती. या उदाहरणात आणखी एक गोष्ट लपली आहे: ३० फोनांपैकी २४ निसटले. पत्रके दुप्पट वाटण्यापेक्षा फोन कोण उचलतो आणि काय बोलतो हे आधी पाहिलेले स्वस्त पडते.

व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप जानेवारी २०१८ मध्ये आले आणि छोट्या दुकानदारांत झपाट्याने रुजले. त्यातील ब्रॉडकास्टचा संदेश ज्यांनी दुकानाचा नंबर फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोचतो. त्यामुळे विकत आणलेल्या नंबरांच्या याद्या इथे कुचकामी ठरतात. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य होते. मात्र चुकीची वेळ किंवा बंद पडलेला नंबर दाखवणारी नोंद आलेले गिऱ्हाईक घालवते. तिथल्या अभिप्रायांत एखादी तक्रार आणि तिला मालकाने दिलेले शांत उत्तर असेल, तर वाचणाऱ्याचा विश्वास सगळ्या पंचतारांकित स्तुतीपेक्षा अधिक बसतो. नातेवाइकांकडून लिहून घेतलेली स्तुती चटकन ओळखू येते.

कायद्याच्या बाजूने काही बंधने आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जादुई इलाजांच्या जाहिरातींवर १९५४ पासून वेगळा कायदा आहे. व्यापारी एसएमएस पाठवण्यासाठी दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे व्यवसायाची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची आधी नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात परवानगीविना फ्लेक्स लावणे मालमत्ता विद्रूपणाविरुद्धच्या १९९५ च्या कायद्याखाली येऊ शकते, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी, देवनागरीतील पाटी लावावी लागते. त्यावरची मराठी अक्षरे इतर भाषांतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत.