परिचारिका-विद्यार्थिनींचा मनोभार : एक इतिहास



जयसिंगपूर आणि मिरज यांच्यामधले अंतर ते किती! कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला, त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९४ साली, डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत आपले रुग्णालय उघडले आणि कृष्णाकाठचा रोगी त्या दिशेने निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसविले ते १९१७ साली. म्हणजे आपले गाव त्या रुग्णालयाहून वयाने लहान. वानलेससाहेबांचे नाव या भागात आजही आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण शस्त्रक्रिया झाल्यावर रात्रभर उशाशी उभी राहणारी मुलगी कोण होती, ती कोठून शिकली, आणि पहिला रोगी तिच्या हातांत दगावला तेव्हा तिने काय केले, हे आपण कधी विचारले नाही. आजचा विषय तो आहे.

आपल्याकडे परिचर्येचे रीतसर शिक्षण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ साली निघाले. या विद्येच्या पाठ्यपुस्तकांत पहिली भारतीय शिकाऊ परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव १८९१ सालाखाली दिलेले असते. नाव आणि साल, एवढेच. तिचे मन इतिहासाच्या कागदात उतरले नाही.

ते मन कसे असेल याचा अंदाज मात्र करता येतो. पुण्यास १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन स्थापन केले. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांच्याच या पत्नी. तेव्हा अशा व्यासपीठावर त्यांचे स्मरण अप्रस्तुत नव्हे. सेवासदनाने ससून रुग्णालयात मुली व विधवा स्त्रिया शिकावयास पाठविल्या. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली, परपुरुषासमोर मान वर न करणारी स्त्री. तिने परक्या पुरुषाची जखम धुवायची, भांडे उचलायचे, प्रेत झाकायचे! आणि हे सारे करून घरी गेली तर आंघोळीवाचून तिला चुलीपाशी जाता येईना. दिवसा मरण पाहावे आणि रात्री विटाळ सोसावा, असे ते दुहेरी ओझे होते.

सेवासदनाने या स्त्रियांसाठी वसतिगृहाची सोय केली. माझ्या मते त्या काळातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट. हेतू अब्रू राखण्याचा असावा. मनाच्या आरोग्याची भाषा तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हती. पण जिने आज तेच पाहिले आहे अशी दुसरी बाई शेजारच्या खाटेवर असणे, हा केवढा आधार! सासरी-माहेरी जे बोलता येत नाही, ते तेथे बोलता आले असेल.

एरवी आपल्या रुग्णालयांनी उचलला तो इंग्लंडचा साचा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंची शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली निघाली. त्या पद्धतीने स्वच्छता आणली, शिस्त आणली, परिचारिकेला प्रतिष्ठा आणली. हे ऋण मोठे आहे. परंतु शिस्तीच्या आत काय घडत होते ते पुढे बरोबर शंभर वर्षांनी त्याच लंडनमध्ये इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषक बाईंनी उघड केले. एका मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास करून १९६० साली त्यांनी लिहिले की, रोग्याच्या दुःखाची भीती परिचारिकेला छळू नये म्हणून रुग्णालयाने नकळत स्वतःची रचनाच तशी करून ठेवली आहे. एका मुलीकडे एक रोगी सोपवायचा नाही. तिने एकच काम तीस रोग्यांचे करायचे. रोग्याला नावाने न ओळखता खाटेच्या आकड्याने आणि बिघडलेल्या अवयवाने ओळखायचे. जीव जडतो न जडतो तोच मुलीची दुसऱ्या वॉर्डात बदली. प्रत्येक निर्णय दोनदा-तीनदा तपासायचा, म्हणजे जबाबदारी कोणाच्याच अंगावर राहत नाही. या सगळ्याने भीती झाकली जाते, पण जात नाही. त्या रुग्णालयातल्या शिकाऊ मुलींपैकी सुमारे एक-तृतीयांश शिक्षण अर्धवट टाकून जात. आणि जाणाऱ्यांत कच्च्याच मुली नव्हत्या, चांगल्या मुलीही होत्या. हे वाचताना आपल्याकडचे वॉर्ड डोळ्यांपुढे उभे राहतात की नाही, ते श्रोत्यांनीच सांगावे.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडली, ती टंचाईची. भोर समितीने १९४६ साली दिलेल्या अहवालात सगळ्या हिंदुस्थानात सुमारे सात हजार परिचारिका मोजल्या. त्रेचाळीस हजार माणसांमागे एक! असा हिशेब असताना शिकाऊ मुलगी शिकाऊ कशी राहणार? प्रवेश विद्यार्थिनी म्हणून, उपयोग कामाचे दोन हात म्हणून. रात्रपाळी करून सकाळी ती वर्गात पेंगते, म्हणून तिला बोल लावायचा. रडली तर ‘तुझ्यात सेवाभाव नाही’ म्हणायचे. हा सेवाभाव शब्द थोर खरा, पण तो किती वेळा मुलीचे तोंड बंद करण्याच्या कामी आला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. सहनशक्ती हा स्वभावाचा गुण मानला की ड्यूटीचा तक्ता, झोपेची जागा, मेट्रनची वागणूक यांची चौकशी करावी लागत नाही.

१९४७ साली परिचर्या परिषदेचा कायदा झाला, शिक्षणाला एकसूत्रीपणा आला. आता पदवी घेणाऱ्या मुलींना, आणि मुलांनाही, मानसिक आरोग्य हा स्वतंत्र विषय असतो. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. अशा एखाद्या ठिकाणी उदास माणसाशी कसे बोलावे, झोप उडालेल्याला काय विचारावे, हे विद्यार्थी शिकतात आणि वहीत लिहून काढतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची दूरध्वनी-सेवा आहे. या सोयींचे मोल कमी नाही. परंतु पहिला मृत्यू पाहून आलेली एकोणीस वर्षांची मुलगी त्या रात्री फोन फिरवील की नाही, हे बऱ्याच अंशी वॉर्डातल्या सिस्टरवर अवलंबून असते. प्रेत हलविल्यावर सिस्टरने तिला बाजूला बसवून चहा दिला आणि दहा मिनिटे तिचे ऐकले, तर एक गोष्ट. चादर बदलून लगेच पुढच्या खाटेकडे धाडले, तर दुसरी. पण त्या दहा मिनिटांना ड्यूटीच्या तक्त्यात जागा नसते. चांगली सिस्टर ती आपल्या जेवणाच्या वेळातून काढते.