बाजारबुणग्यांची बाजू

गेल्या हिवाळ्यात पुतण्या आणि त्याचे तीन-चार मित्र मला आग्रहाने रामघाटाकडे घेऊन गेले. दोन जीपगाड्या, दोन रात्रींचा मुक्काम, आणि डांबरी रस्ता सोडून जुन्या वाटांवर भटकायचे असा बेत होता. माझ्या तरुणपणी आम्ही एक वळकटी आणि दशम्यांचे फडके घेऊन बेळगावातून निघत असू. या मुलांनी मात्र गाडीच्या टपावर तंबू, गाद्या, पाण्याचे कॅन, गॅसची टाकी, घडीच्या खुर्च्या असा डोंगर रचला होता. चंदगड मागे पडले आणि लाल चिखलाच्या एका उतारावर पहिली गाडी अशी काही कलली की आतल्या सर्वांचे देव आठवून झाले. वजन सगळे टपावर, म्हणून गाडी डोक्याकडून ओढली जात होती. मुकाट्याने सारे उतरवले. पाण्याचे कॅन आणि टाकी खाली, दोन चाकांच्या मध्ये ठेवली. हलके अंथरूण-पांघरूण तेवढे वर बांधले. या खटाटोपात दीड तास गेला. एका बोचक्यावर बसून मी वैतागून म्हणालो, ‘‘काय हे बाजारबुणगे बरोबर घेतलेत!’’

त्यांच्यातल्या एकाने विचारले, ‘‘काका, बाजारबुणगे म्हणजे नेमके कोण हो?’’

मी शाळेत पस्तीस वर्षे इतिहास शिकवला. उत्तर तोंडावर होते : लष्कराबरोबर फिरणारी बिनलढाऊ गर्दी, जिच्यामुळे पानिपत झाले. पण ते उत्तर देताना माझे मलाच ते खोटे वाटले. घरी आल्यावर कपाटातली जुनी पुस्तके पुन्हा काढली. हा लेख म्हणजे त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

आधी आपल्या भाषेकडेच पाहा. ओझे आणि ओझे वाहणारे यांच्यासाठी आपण जे शब्द राखले ते बहुतेक हेटाळणीचे. बाजारबुणगे, खोगीरभरती, लटांबर, लमाणांचा तांडा. उलट लष्कराच्या पुढे चालणाऱ्या बिनीला मात्र केवढा मान! ‘बिनीचा शिलेदार’ म्हटले की छाती फुगते. मागून येणाऱ्याने पुढच्याचे जेवण आणले आहे, हे भाषा सोयीस्करपणे विसरली.

याला एक कारण शिवछत्रपतींच्या लष्कराचा आपल्या मनावरचा ठसा हे असावे, आणि तो ठसा रास्तच आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. तीत लष्कराचा शिरस्ता स्पष्ट आहे : पावसाळ्याचे चार महिने छावणी, आठ महिने मुलूखगिरी, आणि लष्करात बायको, बटीक किंवा कलावंतीण नेणाऱ्याला देहदंड. घोडा, स्वार आणि खोगिराला बांधता येईल तेवढे सामान, असा हा सडा कारभार. तरीही महाराजांना ओझे वाहावे लागले नाही असे नाही. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेहून परतताना दिंडोरीजवळ मोगलांनी वाट अडवली, तेव्हा लुटीने लादलेली जनावरे पुढे घाटाकडे लावून देऊन मागे लढाई देण्यात आली. म्हणजे हलके लष्करसुद्धा ओझ्याची व्यवस्था करूनच हलके राहत होते.

आता दुसरे टोक. ‘ऐने अकबरी’त अबुल फजलने बादशाही मुक्कामाच्या सामानाचा हिशेब दिला आहे : १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० भोई. शिवाय १००० फरास, ५०० बेलदार, १०० पखालवाले, ५० सुतार, तंबू शिवणारे आणि मशालजी. डेऱ्यांचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामी झोपलेला असताना दुसरा संच, ज्याला पेशखाना म्हणत, पुढच्या मुक्कामी उभा होत असे. हा थाट पुढे आपल्या दाराशी आला. १६९५ साली जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी गोव्याहून घाट चढून कृष्णाकाठच्या गलगलीला औरंगजेबाच्या छावणीत पोहोचला. गलगली आज बागलकोट जिल्ह्यात येते. तिथे त्याला सांगण्यात आले की साठ हजार घोडदळ आणि एक लाख पायदळासाठी ५० हजार उंट आणि ३ हजार हत्ती आहेत, आणि दुकानदार, कारागीर, नोकर धरून माणसे पाच लाख. आकडे ऐकीव आणि फुगवलेले असतील; पण एक चालते शहर आपल्या मुलखातून फिरत होते, आणि त्या शहराला रोज दाणा-वैरण लागत होती, हे खरे.

हे धान्य आणायचे कोण? इथे तांडा येतो. पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला १६३२ साली वाटेत एक तांडा भेटला, त्यात १४ हजार बैल होते. तॅव्हर्निये दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहितो, आणि एका बैलाच्या पाठीवरचे वजन आपल्या हिशेबाने दीडशे किलोच्या आसपास सांगतो. गाडीला रस्ता लागतो. गोणीच्या बैलाला पाऊलवाट पुरते. गाडीच्या बैलाला विकतचा कडबा घालावा लागतो. तांड्याचा बैल चरत चरत चालतो. म्हणून तांडा सावकाश जाई, पण स्वस्त पडे. गोणीचे दोन पाट पाठीच्या दोन्ही अंगांना समतोल टाकलेले, वजन बैलाच्या पोटाजवळ आलेले, म्हणजे चढ-उताराला तोल जात नाही. रामघाटाच्या चिखलात आम्ही दीड तास घालवून जे शिकलो, ते लमाणाच्या पोराला लहानपणीच ठाऊक असे.

या सगळ्याची किल्ली गवत आणि पाणी यांत होती. पावसाळा संपला, नद्यांना उतार पडला, रानात गवत उभे राहिले की दसऱ्याला लष्कर बाहेर पडायचे. आपण सोने वाटून सीमोल्लंघन साजरे करतो, त्या मुहूर्तामागे बैलाच्या आणि घोड्याच्या पोटाचाही विचार आहे.

आता पानिपत. सुरजमल जाटाने भाऊसाहेबांना सल्ला दिला होता की कुटुंबकबिला आणि जड सामान मागे ठेवून सडे व्हावे. काशीराजाच्या हकिकतीत ते आले आहे. सल्ला शहाणपणाचा होता यात वाद नाही. पण १४ जानेवारी १७६१ च्या आधीचे तीन महिने पाहिले तर दिसते ते असे : ऑक्टोबरात मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, तेव्हा धान्य मिळाले. त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीच्या व मराठ्यांच्या मध्ये बसला. रसदेचा रस्ता तिथे तुटला. अब्दालीची रसद तोडण्याचे काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होते. डिसेंबरात ते मारले गेले. अब्दालीच्या पाठीशी नजीबाचा आणि शुजाचा मुलूख होता, तिथून धान्य येत राहिले. बुणग्यांमुळे खाणारी तोंडे वाढली हे खरे. पण भुकेचे कारण तोंडे नव्हती, तुटलेला रस्ता होता. नुसत्या लढवय्यांनासुद्धा त्या रस्त्यावाचून किती दिवस काढता आले असते? तेवढे थोडे जास्त, इतकेच. या मोहिमेत दोष कुठे द्यायचा तर तो रस्ता राखण्याच्या योजनेला द्यावा लागेल. यात्रेकरूंना, बायकांना आणि वाण्यांना तो देऊन आपण मोकळे झालो.

पानिपतानंतर तीस वर्षांनी याच्या अगदी उलट प्रसंग घडला, आणि त्यात आपल्या भागाचा मोठा वाटा आहे. तो पाठ्यपुस्तकात मी कधी शिकवला नाही, कारण तिथे तो नव्हता. टिपूवरच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांनी एप्रिल १७९१ मध्ये धारवाड घेतले आणि ते दक्षिणेकडे सरकले. तिकडे कॉर्नवॉलिस परस्पर श्रीरंगपट्टणावर चालून गेला होता. मे महिन्यात तो राजधानीपुढे पोहोचला, अरिकेरेची लढाई जिंकला, आणि हरल्यासारखा मागे फिरला. बैल हजारोंनी मेले होते, धान्य संपले होते. ओढायला जनावर नाही म्हणून वेढ्याच्या मोठ्या तोफा त्याला स्वतःच्या हाताने निकामी कराव्या लागल्या. उपाशी, आजारी फौज मेलुकोट्याच्या बाजूने परतत असताना समोरून घोडेस्वार दिसले. शत्रू समजून गोळागोळी व्हायची वेळ आली होती. पण ते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांचे लष्कर निघाले. आणि त्या लष्कराबरोबर काय होते? बाजार! धान्य, डाळी, तूप, कापड, बैल. भाव चढे होते, वाण्यांनी संधी साधली, इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याबद्दल कुरकूरही केली. पण त्या बाजाराने फौज जगली. ज्यांना आपण बाजारबुणगे म्हणतो त्यांनी त्या दिवशी केलेले काम कोणत्याही पलटणीला करता आले नसते. हेच परशुरामभाऊ पुढे १७९९ साली निपाणीजवळच्या पट्टणकुडीला लढाईत पडले.

ही गर्दी बेशिस्त होती असाही एक समज आहे. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुक्काम कसा पडतो ते लिहिले आहे. बिनीवाला पुढे जाऊन सरदाराच्या डेवढीच्या जागी पांढरे निशाण रोवतो. मग प्रत्येक बाजाराचे निशाण ठरलेल्या क्रमाने, शक्यतो सरळ रेषेत लागते. मुक्काम बदलला तरी आपला वाणी कुठे आणि आपला डेरा कुठे हे प्रत्येकाला न विचारता समजे. बिनी आणि बाजार या दोघांना एकाच सुतात गुंफणारी ही रीत होती.

इंग्रजांनी १७९१ चा धडा घेतला. म्हैसूरचा चिक्कदेवराज वडेयराने जमवलेला गोठा, ज्याला ‘बेण्णे चावडी’ म्हणत आणि टिपूने ज्याचे नाव अमृतमहाल ठेवले, तो १७९९ मध्ये त्यांच्या हाती आला. चपळ, काटक, तोफ ओढत मजला मारणारे हे बैल. पुढच्याच वर्षी आर्थर वेलस्ली धोंडिया वाघाच्या मागे आपल्याच जिल्ह्यात धावला. ३० जुलै १८०० रोजी सौंदत्तीजवळच्या मुनवळ्ळीसमोर त्याने धोंडियाचा सामानसुमानाचा तळ गाठला. मलप्रभा भरलेली, तळाला पलीकडे जायला वेळ मिळाला नाही. हत्ती, उंट, बैल, माणसे काही हाती लागली, काही नदीत बुडाली. सामान गेल्यावर सव्वा महिन्यात, १० सप्टेंबरला, कोणगलला धोंडिया मारला गेला.

वेलस्लीने त्यातून काय घेतले ते १८०३ मध्ये दिसले. मराठे दसऱ्याची वाट पाहणार. त्याने भर पावसाळ्यात, १२ ऑगस्टला, अहमदनगरचा किल्ला घेतला. गोदावरी भरली होती, तर बांबूच्या कामट्यांना कातडे मढवलेल्या टोपल्यांसारख्या होड्यांतून तो उतरला. धान्याला त्याने बंजारेच धरले. २३ सप्टेंबरला असई झाली. डिसेंबरात गाविलगडासाठी स्टीव्हन्सनच्या तुकड्यांनी जड तोफा डोंगरदऱ्यांतून, आधी स्वतः वाट खणून आणि मग हातांनी ओढून, सुमारे तीस मैल नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला. शौर्य दोन्ही बाजूंना होते. फरक होता तो बैल, होड्या आणि गोण्या यांचा आगाऊ विचार करण्यात.

आणि ज्यांनी सर्वांचेच ओझे वाहिले त्यांचे काय झाले? पक्के रस्ते आले, १८८० च्या दशकात आपल्याकडे आणि मुरगावच्या बंदरापर्यंत रेल्वे झाली. किनाऱ्यावरचे मीठ आणि घाटावरचे धान्य वाहणारा बैल निकामी झाला. १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. देशात ठिकठिकाणी बंजाऱ्यांच्या टोळ्यांवरही हा शिक्का बसला. १९५२ साली तो कायदा गेला. शिक्का कागदावरून गेला, माणसांच्या नजरेतून जायला वेळ लागतो.

रामघाटाहून परतताना एका ठिकाणी रस्त्याचे काम चालू होते. खडी पसरणाऱ्यांत दोन लमाण्या होत्या. एकीच्या अंगावर आरशांची जुनी कशिद्याची चोळी होती. आम्ही गाडी थांबवून पाणी प्यायलो, त्यांनाही कॅनमधले दिले. मी विचारले, ‘‘गाव कोणते, बाई?’’ म्हातारीने विजापूरकडच्या एका तांड्याचे नाव सांगितले. मग आमच्या टपाकडे पाहून हसत म्हणाली, ‘‘आता बरोबर बांधलंय. येताना खाली सरकलं असणार.’’

तिने ते कसे ओळखले हे मी विचारले नाही. त्या मुलाला मात्र सांगितले की तू विचारलेस ना, बाजारबुणगे कोण, तर त्यांच्यातल्या एकीने आत्ताच तुझ्या गाडीचे ओझे तपासले.