गुगलवर स्पर्धकांच्या जाहिराती कशा तपासायच्या? छोट्या बजेटवाल्यांसाठी सोपी पद्धत

गुगलवर ‘पॅकर्स अँड मूव्हर्स हडपसर’ असं शोधून बघा. वरच्या काही निकालांवर ‘स्पॉन्सर्ड’ असं लिहिलेलं दिसेल. त्या जागेसाठी कुणीतरी पैसे मोजलेले असतात. यालाच पेड सर्च जाहिरात म्हणतात.

समजा, तुमच्या घरात दोन टेम्पो आहेत आणि मगरपट्टा, अमनोरा, फुरसुंगी, मांजरी या भागात घरसामान शिफ्ट करून द्यायचा धंदा आहे. फोन-लॅपटॉप तुम्हाला जमतो, म्हणून जाहिरातीचं काम तुमच्याकडे आलंय. बजेट रोजचं ३०० रुपये. गुगल महिन्याला यावर ३०.४ पट, म्हणजे ९,१२० रुपयांपर्यंत घेऊ शकतं. एक क्लिक ४० रुपयांना पडला असं धरलं, तर रोज मिळतात फक्त सात क्लिक. समोर मात्र देशभर काम करणारी कंपनीही असू शकते. मग हे सात क्लिक कुठे वापरायचे आणि कुठे नाही, हे ठरवण्यासाठी स्पर्धकांचा अभ्यास करायचा. त्यांची जाहिरात कॉपी करण्यासाठी नाही.

आधी लिलाव समजून घ्या

कुणीही काही शोधलं की गुगल त्या क्षणी एक लिलाव घेतं. त्यातून प्रत्येक जाहिरातीची ‘ॲड रँक’ ठरते. त्यात तुमची बोली असतेच, पण जाहिरात आणि वेबपेज किती उपयोगी आहे, शोधणारा कुठे आहे, कोणता फोन वापरतोय, हेही धरलं जातं. म्हणजे जास्त पैसेवाला नेहमीच वर येतो असं नाही. वेबपेज चांगलं असेल तर कमी बोलीतही वर जाता येतं.

पायरी १ : कोण जाहिरात करतंय ते बघा

सारखं सारखं गुगलवर शोधून बघू नका. तुमचीच जाहिरात दिसते, तुम्ही क्लिक करत नाही, आणि आकडे बिघडतात. त्यापेक्षा गुगल ॲड्सच्या खात्यात ‘ॲड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस’ नावाचं टूल आहे ते वापरा. त्यात ठिकाण, भाषा आणि मोबाइल की कॉम्प्युटर हे निवडता येतं. घरी बसून हडपसरच्या मोबाइलवर काय दिसतंय ते कळतं, आणि आकड्यांवर काही परिणाम होत नाही.

पाच-सहा वेगवेगळे शोध करून बघा : ‘हडपसर ते वाकड शिफ्टिंग’, ‘वन बीएचके शिफ्टिंग खर्च’, ‘टेम्पो भाड्याने हडपसर’. इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हीकडे. कुठल्या शोधावर चार जाहिराती आहेत आणि कुठे एकही नाही, ते वहीत लिहून ठेवा.

पायरी २ : त्यांच्या सगळ्या जाहिराती एका जागी वाचा

मार्च २०२३ मध्ये गुगलने ‘ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर’ सुरू केलं. हे सगळ्यांसाठी फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. कंपनीचं नाव किंवा वेबसाइटचा पत्ता टाका, देश ‘भारत’ निवडा, तारीख निवडा. ओळख पडताळणी झालेल्या जाहिरातदाराच्या जाहिराती दिसतात. मोबाइलवर जाहिरातीशेजारच्या तीन ठिपक्यांवर दाबलं, तरी जाहिरातदाराचं नाव कळतं.

वाचताना तीन गोष्टी टिपा :

- वचन काय देतात? ‘लगेच दर कळवू’, ‘विमा’, ‘त्याच दिवशी डिलिव्हरी’.
- किंमत लिहितात की लपवतात?
- एखादी जाहिरात बरेच महिने चालू आहे का? तसं असेल तर ती बहुधा त्यांना परवडतेय. पण हा फक्त अंदाज, पुरावा नाही.

इथे काय दिसत नाही तेही लक्षात ठेवा. ती जाहिरात कोणत्या कीवर्डवर लावलीय आणि तिच्यावर किती खर्च होतोय, हे कळत नाही. खर्चाचे आकडे राजकीय जाहिरातींपुरतेच दिले जातात.

पायरी ३ : कीवर्ड प्लॅनर

गुगल ॲड्समधल्या कीवर्ड प्लॅनरमध्ये ‘वेबसाइटपासून सुरुवात करा’ असा पर्याय आहे. तिथे स्पर्धकाच्या साइटचा पत्ता टाका आणि ठिकाण पुणे निवडा. त्या साइटशी जुळणारे कीवर्ड, त्यांचा महिन्याचा साधारण शोध आणि पानाच्या वरच्या भागात येण्यासाठीची कमी व जास्त बोली, असं सगळं मिळतं. सेमरश, स्पायफू अशी पैसे देऊन घ्यायची टूल्सही आहेत. पण त्यांचे खर्चाचे आकडे अंदाजच असतात. एका उपनगरापुरत्या धंद्यासाठी आधी फुकटची टूल्स पुरतात.

पायरी ४ : ऑक्शन इनसाइट्स

तुमची कॅम्पेन काही दिवस चालली की हा रिपोर्ट मिळतो. तुमच्यासोबत लिलावात कोण होतं, ते यात वेबसाइटच्या नावासकट दिसतं. सुरुवातीला तीन आकडे बघा :

- इम्प्रेशन शेअर : जाहिरात जितक्या वेळा दिसू शकली असती, त्यातल्या किती वेळा दिसली.
- ओव्हरलॅप रेट : तुमची जाहिरात दिसली तेव्हा त्यांचीही किती वेळा दिसली.
- पोझिशन अबव्ह रेट : दोन्ही दिसल्या तेव्हा त्यांची किती वेळा वर होती.

शेअर कमी असेल तर कारण कॅम्पेनच्या टेबलमध्ये शोधा. तिथे ‘बजेटमुळे गेलेला’ आणि ‘रँकमुळे गेलेला’ शेअर वेगवेगळा दाखवता येतो. रँकमुळे जात असेल, तर नुसतं बजेट वाढवून उपयोग नाही. आधी जाहिरात आणि वेबपेज सुधारा.

मग बदलायचं काय?

वहीतल्या नोंदी समोर ठेवा. ‘पॅकर्स अँड मूव्हर्स पुणे’वर चार मोठे जाहिरातदार आणि बोलीही जास्त असेल, तर तो कीवर्ड सोडा. ‘हडपसर ते वाकड शिफ्टिंग’वर शोध कमी असतील, पण ज्याला खरंच घर बदलायचंय तोच असं टाइप करतो. सात क्लिक तिथे वापरा. सगळे किंमत लपवत असतील, तर तुम्ही वन बीएचकेचा सुरुवातीचा दर सरळ लिहा. महागडं वाटणारा माणूस क्लिकच करणार नाही, पैसे वाचतील. आणि ‘नोकरी’, ‘ड्रायव्हर जॉब’ असे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाका.

बदल एका वेळी एकच करा, दोन आठवडे थांबा. आणि क्लिक मोजू नका, आलेले फोन मोजा.

हे करू नका

स्पर्धकाच्या जाहिरातीवर मुद्दाम क्लिक करून त्याचे पैसे घालवणं हा खोडसाळपणा आहे, आणि असे क्लिक गुगल शोधून वगळतं. त्याची साइट बघायची असेल तर पत्ता टाइप करून जा.

स्पर्धकाचं नाव कीवर्ड म्हणून लावायचा मोहही होतो. यावरचा एक महत्त्वाचा निकाल नेमका पॅकर्स-मूव्हर्सच्याच धंद्यातला आहे. अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स हे नाव वापरणाऱ्या डीआरएस लॉजिस्टिक्स आणि गुगल यांच्यातल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं, की दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून लावणं हा त्या ट्रेडमार्कचा वापरच आहे. मात्र ग्राहकाची फसगत होत नसेल, तर तेवढ्याने तो भंग ठरत नाही. जाहिरातीच्या मजकुरात मात्र दुसऱ्याचं नाव टाकून आपणच ते आहोत असं भासवलं, तर अडचण नक्की. तसंही, ज्याला ठरावीक कंपनीच हवी आहे, तो तुमच्यावर क्लिक करून परत जाईल. तुमच्या सातातला एक क्लिक वाया!

महिन्यातून एकदा तासभर दिला तरी एवढी तपासणी पुरते. दिवाळी, किंवा मे-जूनमधली शाळा बदलण्याची घाई, अशा दिवसांआधी मात्र एकदा जास्तीची नजर टाका. तेव्हा नवे जाहिरातदार येतात आणि बोलीही बदलते.