चालक-साहाय्य प्रणालीचे कॅलिब्रेशन
मोटारीची पुढची काच बदलल्यावर तिच्या आतल्या बाजूस, आरशामागे बसवलेल्या कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवण्याची प्रक्रिया. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांमुळे २०२१ नंतर हा कॅमेरा वापरणारी चालक-साहाय्य प्रणाली महाराष्ट्रात ओळखीची झाली. कॅमेरा अवघा १ अंश कलला, तरी ५० मीटरवर नेम सुमारे ८७ सेंटिमीटर चुकतो. माढा तालुक्यात टेंभुर्णीजवळ, पुणे–सोलापूर महामार्गावर रात्री पुढे उसाची ट्रॉली असेल, तर ही चूक जिवावर बेतू शकते. सपाट जागेत, टायरची हवा तपासून, मोजलेल्या अंतरावर नक्षीचा फलक ठेवून जुळवणी करतात; काही गाड्या ठळक पट्ट्यांच्या रस्त्यावर चालवाव्या लागतात. डॅशबोर्डवर इशारा दिसत नाही, एवढ्यावरून जुळवणी झाली असे समजू नये.