अन्न आणि कांति

मनुष्याच्या रूपाची चर्चा निघाली म्हणजे आपल्या घरांतून प्रायः दोनच मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, कांति आईबापांकडून येते. कोणी म्हणतो, ती उटण्यानें आणि साबणानें येते. ताटांत रोज काय पडतें, ह्या तिसऱ्या गोष्टीचा उल्लेख झालाच तर तळलेलें खाऊं नये व फळें खावीं एवढ्या उपदेशावर तो संपतो. परंतु अन्नाचा व त्वचेचा संबंध किती खोल आहे, आणि तो ध्यानांत न घेतल्यानें केवढा अनर्थ ओढवतो, हें दाखविणारें एक प्रकरण वैद्यकाच्या इतिहासांत आहे. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १७३५ मध्यें स्पेनच्या उत्तरेकडील आस्तुरिया प्रांतांत गास्पार कासाल नांवाच्या वैद्यास गरीब शेतकऱ्यांमध्यें एक विलक्षण विकार आढळला. हातांच्या पाठीवर, पायांवर व मानेभोंवतीं, म्हणजे जेथें ऊन लागतें तेथें, कातडी प्रथम भाजल्यासारखी लाल होई, मग काळवंडे व तिला खपल्या धरत. मानेवरचा पट्टा गळ्यांतील हारासारखा दिसे. वैद्यकांत त्याला अद्यापि ‘कासालचा हार’ म्हणतात. तेथील लोक ह्या व्याधीस ‘गुलाबाचा रोग’ म्हणत. नांव असें सुंदर, पण परिणाम केवढा भयंकर! कातडीमागून पोट बिघडे, पोटामागून बुद्धि, आणि पुष्कळदां शेवट मृत्यूंत होई. कासालनें एक गोष्ट अचूक हेरली. हे लोक मुख्यतः मक्यावर राहत. दूध व मांस त्यांच्या वाट्यास क्वचितच येई. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७६२ सालीं, प्रसिद्ध झाला. पुढें १७७१ मध्यें मिलानच्या फ्रापोल्ली ह्या वैद्याच्या लेखनानें ‘पेलाग्रा’, म्हणजे ‘खरखरीत कातडी’, हें नांव वैद्यकांत आलें. १७८६ सालीं इटलीच्या प्रवासास निघालेला जर्मन कवि गटे ब्रेनरचा घाट उतरला, तेव्हां तेथील लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, निस्तेज वर्णाकडे त्याचें लक्ष गेलें. आणि त्याचें कारण त्यानें मक्यासारख्या धान्यांच्या नित्य सेवनांत शोधलें.

मका हें मूळचें अमेरिकेंतील धान्य. मेक्सिकोंतील लोक हजारों वर्षें त्यावर राहिले, तरी ह्या रोगानें त्यांना असें ग्रासलें नाहीं. कारण तेथील बायका मका चुन्याच्या पाण्यांत शिजवीत, मग वाटीत आणि त्याच्या भाकऱ्या करीत. मक्यांत नायसिन नांवाचें जीवनसत्त्व असतें, पण तें अशा बंधनांत असतें कीं शरीरास त्याचा लाभ होत नाहीं. चुन्यानें तें मोकळें होतें. युरोपीयांनीं मका नेला, पण त्यामागची स्वयंपाकघरांतील विद्या मात्र नेली नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हाच रोग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांत पसरला. कापसाच्या मळ्यांवरील कुळें व गिरण्यांतील मजूर मक्याचें पीठ, काकवी आणि डुकराची चरबी ह्यांवर दिवस काढीत. तीस-पस्तीस वर्षांत सुमारें एक लाख माणसें ह्या रोगानें दगावलीं असा अंदाज आहे. हातांवर व मानेवर डाग दिसला कीं लोक त्या मनुष्यापासून दूर पळत, कारण रोग सांसर्गिक आहे अशी समजूत होती. एका वैद्यकीय समितीनेंही तसाच निर्णय दिला. त्या समितीशीं संबंध असलेल्या डॅव्हनपोर्ट ह्या शास्त्रज्ञानें तर दोष आनुवंशिक दुर्बलतेकडे नेला. इटलींत, चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखतां येतो असें सांगणारा लोम्ब्रोझो सडक्या मक्यांतील विषास कारण मानीत होता. बुरशी, जंतु, रक्त ह्या सर्वांवर आरोप झाले. गरिबीवर मात्र तो ठेवण्यास फारसें कोणी धजेना.

१९१४ सालीं सरकारी आरोग्यखात्यानें डॉ. जोसेफ गोल्डबर्गर ह्यांस चौकशीसाठीं पाठविलें. वेड्यांच्या इस्पितळांतून त्यांनीं पाहिलें कीं, रोग्यांना पेलाग्रा होतो, पण त्यांची शुश्रूषा करणाऱ्या नोकरांना होत नाहीं. रोग सांसर्गिक असता तर त्यानें नोकरांनाच कां वगळावें? फरक होता तो ताटांत. मग त्यांनीं अनाथालयांतील मुलांच्या आहारांत दूध, अंडीं, मांस व शेंगवर्गीय धान्यें वाढविलीं, आणि रोग नाहींसा झाला. १९१५ सालीं मिसिसिपींतील एका तुरुंगाच्या शेतावर माफीच्या बोलीवर पुढें आलेल्या कैद्यांना त्यांनीं केवळ दक्षिणी गरिबांचें अन्न दिलें. अकरांपैकीं सहा जणांच्या कातडीवर कांहीं महिन्यांतच तीं चिन्हें उमटलीं. बंदिवानांवरील असा प्रयोग आज कोणी मान्य करणार नाहीं. पण डॉक्टरांनीं स्वतःलाही वगळलें नाहीं. रोग्यांचें रक्त त्यांनीं स्वतःच्या अंगांत टोंचून घेतलें, त्यांच्या मलमूत्राच्या गोळ्या गिळल्या; त्यांच्या पत्नीनेंही रक्त टोंचून घेतलें. कोणालाही रोग झाला नाहीं.

पुढें अर्थशास्त्रज्ञ सायडनस्ट्रिकर ह्यांच्यासह त्यांनीं दक्षिण कॅरोलिनांतील गिरणीगांवांची घरोघर पाहणी केली. जसजसें कुटुंबाचें उत्पन्न वाढतें तसतसा पेलाग्रा कमी होतो, हें त्यांत स्पष्ट झालें. १९२१ सालीं राष्ट्राध्यक्ष हार्डिंग ह्यांनीं दक्षिणेस मदत करण्याचें बोलून दाखविलें, तेव्हां तेथील पुढाऱ्यांस ती आपली बदनामी वाटली! गोल्डबर्गर १९२९ सालीं वारले. १९३७ मध्यें एल्व्हेजेम ह्यांनीं कुत्र्यांतील अशाच विकारावर निकोटिनिक ॲसिड, म्हणजेच नायसिन, गुणकारी असल्याचें सिद्ध केलें, आणि दोनशें वर्षांचें कोडें बव्हंशीं उलगडलें.

ह्या हकीकतीचा एक धागा आपल्या दख्खनपर्यंत येऊन पोंचतो. हैदराबादेच्या पोषण-प्रयोगशाळेंतील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया ह्यांनीं १९६० सालीं दाखविलें कीं, मका न खातां प्रामुख्यानें ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळतो. ज्वारींतील ल्युसीन ह्या घटकाचें आधिक्य त्यास कारण असावें, असें त्यांनीं सुचविलें. त्या मतावर पुढें पुष्कळ वाद झाला, पण मूळ निरीक्षण कायम राहिलें. तेव्हां आपल्या भाकरीस दोष द्यावा काय? मुळींच नाहीं. पिठलें, ताक, शेंगदाण्याची चटणी हीं जिच्या जोडीला आहेत ती भाकरी पूर्णान्नाच्या जवळ जाते. शेंगदाण्यांत तर नायसिन विपुल असतें. दोष आहे तो एकट्या भाकरीचा, आणि भाकरी एकटी पडते ती खाणाराच्या आवडीनें नव्हे.

ह्यावरून कोणीं असें मात्र समजूं नये कीं प्रत्येक डाग अन्नाचाच असतो, किंवा चांगलें जेवणारानें जीवनसत्त्वाच्या गोळ्या गिळल्या म्हणजे त्याचें रूप खुलेल. उणीव कांतीचा नाश करते, एवढें ह्या इतिहासानें सिद्ध होतें. भरलेल्या भांड्यांत आणखी ओतल्यानें तें उजळतें असें त्यांत कोठेंही नाहीं. बाजारांतील जाहिराती नेमका हा भेद पुसून टाकतात.

पण आम्हांला ह्यापेक्षां महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. घरीं कामास येणाऱ्या बाईचे काळवंडलेले हात किंवा मजुराच्या मुलाचा सुकलेला चेहरा पाहून “ह्यांची कांतीच तशी” असें आपण किती सहज म्हणून जातों! आस्तुरियांतही लोक तसेंच म्हणत असतील. तिथपासून मिसिसिपीपर्यंत त्या कातडीवर जें लिहिलें होतें तो रक्ताचा किंवा कुळाचा लेख नव्हता. तो मजुरीचा आणि बाजारभावाचा हिशेब होता. तो वाचण्यास शहाण्या जगाला दोनशें वर्षें लागलीं. इतःपर दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या कुळाची परीक्षा करण्यापूर्वीं, आज त्याच्या ताटांत काय होतें, एवढा प्रश्न आपण स्वतःस विचारला तरी पुरे आहे.