राउटरची परीक्षा घेणारा स्विच

मोहन्याचा एनआरसी कारखाना 2009 साली बंद पडला. त्याआधीची कित्येक वर्षं आंबिवलीत घरोघरी तिथल्या पाळ्यांवर जाणारी माणसं होती. माल तपासल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही, हे त्यांच्याकडून ऐकतच मी मोठा झालो. पुढे नेटवर्कच्या कामात शिरलो, तेव्हा राउटरच्या माहितीपत्रकातला आकडा मोजून पाहिल्याशिवाय मला पटेना.

मोजायची रीत घालून दिली हार्वर्ड विद्यापीठातल्या स्कॉट ब्रॅडनर यांनी. 1991 च्या आरएफसी 1242 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात त्यांनी संज्ञा पक्क्या केल्या. 1999 च्या आरएफसी 2544 मध्ये जिम मॅक्वेड यांच्यासोबत पद्धत मांडली: इथरनेटसाठी 64 ते 1518 बाइटपर्यंतच्या सात आकारांच्या फ्रेम, प्रत्येक चाचणी किमान 60 सेकंद. एकही फ्रेम न गळता जो सर्वाधिक वेग टिकेल, तोच थ्रूपुट. सगळ्यात अवघड 64 बाइटची परीक्षा, कारण गिगाबिट जोडणीवर अशा फ्रेम सेकंदाला 14,88,095 बसतात.

एवढा मारा करणारी स्मार्टबिट्ससारखी खास यंत्रं मिळत, पण ती छोट्या लॅबच्या आवाक्याबाहेरची. साध्या पीसीला तो वेग झेपत नसे. स्विचची चिप मात्र पूर्ण वेगाने फ्रेम ढकलते.

मग एका स्विचची चार पोर्ट दोन छोट्या केबलींनी आपापसांत जोडायची, स्पॅनिंग ट्री आणि कोणता पत्ता कुठल्या पोर्टवर हे लक्षात ठेवणारं मॅक लर्निंग बंद करायचं, आणि राउटरच्या पत्त्याची एकच फ्रेम आत सोडायची. इथरनेट फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. ती फिरत, वाढत राहते आणि पाचव्या पोर्टवरून राउटरवर अखंड कोसळते. रॅडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये स्पॅनिंग ट्री रचलं ते नेमकं हे वादळ टाळायला. इथे ते मुद्दाम उठवायचं. त्या पोर्टचा वेग हळूहळू कमी करत जायचा आणि राउटरमध्ये शिरलेल्या व राउटरच्या पलीकडे जोडलेल्या दुसऱ्या स्विचवर पोचलेल्या फ्रेम ताडून पाहायच्या. दोन्ही आकडे जुळले की थ्रूपुट सापडला.

या पद्धतीने विलंब नीट मोजता येत नाही, आणि सगळ्या फ्रेम एकसारख्याच असल्याने खऱ्या वाहतुकीची सरमिसळही उतरत नाही. चालू नेटवर्कला तर हा स्विच चुकूनही जोडू नये. तरीही ज्यांच्याकडे महागडं यंत्र नाही, त्यांनी ही चाचणी जरूर करावी. ब्रॅडनर यांनी पद्धत सर्वांसाठी खुली ठेवली, म्हणूनच विक्रेत्याचा दावा पडताळण्याचा अधिकार छोट्यातल्या छोट्या ग्राहकालाही मिळाला. तो वापरला पाहिजे.