कोस्ता रिकामधील वन्यजीव पर्यटन
मध्य अमेरिकेतील कोस्ता रिका या देशातील वन्यजीव पर्यटन मुख्यत्वे डोंगरमाथ्यावरील मेघवने आणि किनाऱ्यालगतची वर्षावने यांवर आधारलेले आहे.

तिलारान पर्वतरांगेतील मोंतेव्हेर्दे मेघवन १९७२ पासून संरक्षित आहे. कॅरिबियन समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे डोंगराला अडून वर चढतात व थंड होतात. त्यातून निर्माण होणाऱ्या धुक्यामुळे कोरड्या ऋतूतही वनाला ओलावा मिळतो; झाडांच्या फांद्यांवर शेवाळ, नेचे व ऑर्किड दाट वाढतात. लांब शेपटीचा हिरवा-तांबडा केत्साल पक्षी हे येथील प्रमुख आकर्षण होय.

पॅसिफिक किनाऱ्यावरील ओसा द्वीपकल्पात कोर्कोव्हादो राष्ट्रीय उद्यान आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात टॅपिर, जॅग्वार, लाल मकाव आणि माकडांच्या चार जाती आढळतात. उद्यानात अधिकृत मार्गदर्शकाशिवाय प्रवेश दिला जात नाही.

केवळ मोंतेव्हेर्दे परिसरात आढळणारा सोनेरी भेक १९८९ नंतर दिसलेला नाही. २००४ मध्ये तो नामशेष म्हणून नोंदवला गेला. त्याचा अधिवास संरक्षित होता आणि तेथे वृक्षतोडही झालेली नव्हती. बुरशीजन्य रोग आणि असाधारण कोरडे हवामान ही त्याच्या नाशाची संभाव्य कारणे मानली जातात. त्यामुळे केवळ वनक्षेत्र राखून मेघवनातील जीवसृष्टी टिकत नाही, याचे उदाहरण म्हणून या भेकाचा उल्लेख केला जातो.